जुन्या सोसायटीत पहिलं घर: विसारापासून दूध उतू जाईपर्यंत

मी मूळची बार्शीची. पुण्यात ११ वर्षं भाड्याने काढली, ६ घरं बदलली आणि शेवटी धनकवडीत एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके स्वतःच्या नावावर केला. लिफ्ट नाही, हे आधीच सांगते. पुढे सामान चढवायचा विषय येणार आहे.

या सगळ्यात चौघांनी मला हात दिला. कॉलेजातली मैत्रीण, जी एका छापखान्यात प्रुफं वाचते. ऑफिसातला मित्र, ज्याने दोन वर्षांपूर्वी स्वतःचं घर घेतलं होतं. भोसरीत लेथ मशीनवर काम करणारा गाववाला. आणि माझी रूममेट, जिच्या घरी मिठाच्या डब्यावरसुद्धा 'मीठ' असं लिहिलेलं असतं. मित्रांची आठवण आपल्याला कपाट उचलायच्या दिवशी होते. खरं तर त्यांचं काम त्याच्या चार महिने आधी, कागद वाचायच्या वेळी सुरू होतं. कपाट उचलायला हमाल मिळतो, पण तुमचा करारनामा तिसऱ्यांदा कंटाळा न करता वाचणारा माणूस विकत मिळत नाही.

हा लेख रीसेल, म्हणजे दुसऱ्याच्या हातचं घर घेणाऱ्यांसाठी आहे. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेत असाल तर थोडक्यात एवढंच: प्रकल्पाचा महारेरा (राज्याचं बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं प्राधिकरण) क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून स्वतः बघा. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, तेव्हा त्याआधी देऊ नका. आणि ५ टक्के जीएसटी हिशेबात धरा (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलात तर १ टक्का). भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेल्या तयार घरावर आणि रीसेलवर जीएसटी नाही.

१. घर बघण्याआधी कागदावर हिशेब मांडा

घराची किंमत आणि घराला लागणारे पैसे हे दोन वेगळे आकडे आहेत. माझा सौदा ६० लाखांना ठरला. बँक ८० टक्के देते असं ऐकलं होतं, म्हणजे ४८ लाख. उरलेले १२ लाख माझ्याकडे होते, वर मुद्रांकाचे पैसेही बाजूला ठेवलेले. मी खुशीत.

मग बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला. त्याने जिना बघितला, लिफ्ट नाही हे लिहून घेतलं, इमारतीचं वय विचारलं आणि घराची किंमत ५६ लाख लावली. बँक सौद्याची किंमत आणि स्वतःचं मूल्यांकन यातला कमी आकडा धरते. ५६ लाखांचे ८० टक्के म्हणजे ४४ लाख ८० हजार. एका दुपारीत ३ लाख २० हजारांचा खड्डा पडला.

रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढच्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंत. ही कमाल मर्यादा झाली. बँक तेवढं देईलच असं नाही. आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत, ते तुमच्या खिशातून.

पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के पडतं. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत, म्हणजे ६ टक्के. ही सवलत २०२१ पासून आहे. बाबांचा आग्रह होता की त्यांचंही नाव लाव, 'आधार राहतो'. त्या आधाराची किंमत ६० हजार रुपये होती, कारण पुरुषाचं नाव बरोबर आलं की सवलत जाते. बाबा लगेच म्हणाले, मग राहू दे.

तर ६० लाखांच्या घरावर माझा खर्च असा: मुद्रांक ३ लाख ६० हजार, नोंदणी फी ३० हजार (१ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार), एजंटाचा १ टक्का म्हणजे ६० हजार. वर वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, सोसायटीचे पैसे. रंगकाम, किचनच्या ट्रॉल्या आणि टेम्पो धरलेले नाहीत. मुद्रांक शुल्क सौद्याची किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेली किंमत यात जी जास्त असेल तिच्यावर लागतं. रेडी रेकनरचे दर बदलले तर १ एप्रिलपासून बदलतात, म्हणून मार्चअखेरीस नोंदणी कार्यालयात जत्रा असते.

मित्राकडून पैसे घेत असाल तर हे वाचा. तो ३ लाख २० हजारांचा खड्डा मी दोघांकडून भरला. त्यात तीन गोष्टी शिकले. एक, रोख घेऊ नका. २० हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज किंवा घराच्या व्यवहारातला ॲडव्हान्स रोखीत घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे. बँकेतूनच पाठवायला सांगा. दोन, 'राहू दे गं, देशील कधीतरी' असं मित्र म्हणाला तरी साध्या कागदावर 'बिनव्याजी हातउसने' असं लिहून दोघांनी सह्या करा. जवळच्या नातेवाइकांनी दिलेली भेट करमुक्त असते. मित्रांकडून वर्षभरात ५० हजारांहून जास्त भेट आली तर ती सगळी तुमचं उत्पन्न धरली जाते. म्हणून ही भेट नव्हे, उसनवारी आहे हे कागदावर दिसलं पाहिजे. तीन, परत करायचा महिना तुम्हीच ठरवून सांगा. त्याला विचारायला लावू नका.

२. घर बघताना टेप आणि बादली सोबत ठेवा

एजंट म्हणाला ९५० स्क्वेअर फूट. जुन्या करारनाम्यात बिल्टअपचा वेगळाच आकडा. भोसरीच्या मित्राने खिशातून टेप काढला आणि आम्ही भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं, तर चालायला-बसायला मिळणारी जागा ६४० निघाली. यात कुणी खोटं बोललं असं नाही. जुन्या व्यवहारांत सेलेबल, बिल्टअप, कार्पेट असे तीन आकडे फिरत असतात, आणि एजंटाला त्यातला सगळ्यात मोठा पाठ असतो. तुम्ही कार्पेटच्या, म्हणजे भिंतींच्या आतल्या जागेच्या दराने दुसऱ्या घरांशी तुलना करा.

सगळे नळ एकदम सोडा, फ्लश ओढा. मोरीत दोन बादल्या पाणी ओतून ते किती वेळात जातं ते बघा, मग खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या छताला ओल आहे का ते विचारा. खालचे लोक इतकं खरं सांगतात! आपल्या वर कोण येणार याची काळजी त्यांनाही असतेच. पाणी किती वाजता येतं आणि टँकर वर्षातून कधी मागवावा लागतो हे वॉचमनला विचारा, सेक्रेटरीला नको. नुकताच रंग दिलेला एकच कोपरा दिसला तर तिथे हात लावून बघा.

सेक्रेटरीला दोन प्रश्न मात्र नक्की विचारा: कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, आणि रीडेव्हलपमेंटची चर्चा कुठवर आलीय? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर आहे. तेवढ्यावरून घर सोडून देऊ नका. बिल्डर दाद देत नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्स म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाचा रस्ता सोसायटीला असतो. पण आधी माहीत असलेलं बरं. भावात बोलता येतं.

३. कागदांची साखळी

हा भाग लांबणार आहे, कारण माझं घर इथेच हातातून जायची वेळ आली होती.

विकणाऱ्याकडून या गोष्टी मागा, आधी झेरॉक्स आणि नंतर मूळ प्रती बघायला:

- बिल्डर आणि पहिल्या मालकाचा मूळ करारनामा, आणि त्यानंतर घर जितक्या वेळा विकलं गेलं तितकी सगळी खतं
- प्रत्येक खताची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाने दिलेला खताचा गोषवारा) आणि नोंदणीची पावती
- सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ज्याच्या मागच्या बाजूला सध्याच्या मालकाचं नाव चढलेलं असेल
- भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा
- जमिनीचा ७/१२ किंवा प्रॉपर्टी कार्ड, बिगरशेतीचा आदेश
- सोसायटीचं येणे-बाकी नसल्याचं पत्र
- मिळकतकराची आणि विजेची शेवटची बिलं, भरल्याच्या पावत्यांसह
- कर्ज असेल तर बँकेचं थकबाकीचं पत्र आणि बँकेकडे जमा असलेल्या कागदांची यादी

यादीत नोंदणीची पावती घातली आहे ती उगाच नाही. माझं घर १९९८ साली पहिल्यांदा विकलं गेलं होतं. त्याचं खत होतं, इंडेक्स टू होती, पण नोंदणी कार्यालयाची तीन बोटं रुंदीची ती पिवळी पडलेली पावती नव्हती. विकणारे काका म्हणाले, 'अहो, खत आहे ना, पावतीचं काय घेऊन बसलात?' बँकेच्या वकिलाने फाइल परत पाठवली. कारण मूळ खत नोंदणी कार्यालयातून ज्याच्या हातात पावती त्यालाच मिळतं, त्यामुळे पावती हरवली म्हटलं की बँकेला शंका येते की दुसरीकडे कुठे काही गहाण तर पडलेलं नाही? मग काकांना पोलिसात हरवल्याची नोंद करावी लागली, वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागली, प्रतिज्ञापत्र करावं लागलं. पाच आठवडे गेले. विसार पावतीत (सौदा पक्का करताना दिलेल्या आगाऊ रकमेच्या कागदात) मुदत ४५ दिवसांची होती! काका भले होते म्हणून मुदत वाढवून मिळाली.

वकील स्वतःचा करा. बँकेचा वकील बँकेच्या पैशांची काळजी घेतो, एजंटाचा वकील सौदा मोडू नये याची. तुमचा वकील ३० वर्षांचा सर्च घेईल, म्हणजे घराचे जुने नोंदवलेले व्यवहार तपासेल, आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देईल, की या मिळकतीवर कुणाचा हक्क असेल तर कळवा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर इ-सर्चची सोय आहे, तिथे जुन्या इंडेक्स टू तुम्हालाही बघता येतात. आम्ही एका शनिवारी रात्री चहा घेत तेच केलं. प्रुफं वाचणाऱ्या मैत्रिणीला त्यात इतकी गोडी लागली की ती शेजारच्या फ्लॅटच्या भानगडी शोधू लागली.

इथले दोन सापळे. मालक वारले असतील आणि 'मी नॉमिनी आहे' असं कुणी सांगत असेल तर थांबा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा हक्कसोडपत्रं लागतात. आणि 'कुलमुखत्यारपत्रावर करून देतो, स्वस्तात पडेल' असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन घरी या.

४. विसार

तोंडी बोलण्यावर टोकन देऊ नका. विसार पावती करा, चेकने किंवा बँकेतून पैसे द्या. पावतीत एक वाक्य हवंच: कागदपत्रांतल्या त्रुटीमुळे कर्ज नामंजूर झालं तर विसार इतक्या दिवसांत परत. एजंट म्हणेल, 'असं कुणी लिहीत नाही.' तुम्ही लिहा.

घरात काय राहणार तेही इथेच लिहा. पंखे, गीझर, खिडक्यांच्या जाळ्या, किचनचा ओटा सोडून जे काही आहे ते. आमच्या सौद्यात इन्व्हर्टर 'राहील' असं बोलणं होतं. लिहिलं नव्हतं. राहिला नाही.

सोसायटीचा ट्रान्स्फर प्रीमियम, म्हणजे घर नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ते पैसे, कुणी भरायचा हेही आत्ताच ठरवा. महापालिका क्षेत्रात हा प्रीमियम २५ हजारांहून जास्त घेता येत नाही. त्याशिवाय ट्रान्स्फर फी ५०० रुपये आणि प्रवेश फी १०० रुपये. 'बिल्डिंग फंडाला ऐच्छिक देणगी' या नावाखाली लाखभर मागणाऱ्या सोसायट्या आहेत. ऐच्छिक असेल तर इच्छा नाही, असं हसून सांगता येतं.

५. साठेखत, खरेदीखत आणि नोंदणीचा दिवस

कर्ज घेऊन रीसेल घेताना पुण्यात बहुतेक वेळा दोन टप्पे होतात. आधी साठेखत, म्हणजे विक्रीचा करार नोंदवायचा, मुद्रांक शुल्क तिथेच पूर्ण भरायचं. मग बँकेचे पैसे आले की खरेदीखत, म्हणजे प्रत्यक्ष विक्रीचा दस्त. दुसऱ्यांदा पूर्ण मुद्रांक लागत नाही.

मसुदा वकिलाकडून आला की तो स्वतः वाचा, आणि मग तुमचा काहीही संबंध नसलेल्या माणसाकडून वाचून घ्या. माझ्या मैत्रिणीने प्रुफाच्या सवयीने एका हातात जुनी इंडेक्स टू आणि दुसऱ्या हातात नवा मसुदा धरून, अर्थ न लावता, आकडा न् आकडा ताडून पाहिला. सर्व्हे नंबरातला शेवटचा '/१' गळला होता. वकील, मी, काका, एजंट, चौघांनी तो मसुदा वाचला होता, आणि अर्थ कळत होता म्हणूनच आम्हाला ते दिसलं नाही. नोंदणीनंतर सापडलं असतं तर चूकदुरुस्ती लेख करून पुन्हा सगळ्यांना कार्यालयात आणावं लागलं असतं. नावाचं स्पेलिंग, फ्लॅट नंबर, मजला, क्षेत्रफळ, पार्किंग, सर्व्हे नंबर एवढं बोट ठेवून वाचायचं. हीच माहिती कार्यालयात जाण्याआधी संगणकावर भरतात, तीही तपासा, कारण इंडेक्स टू तिच्यावरूनच निघते.

त्या दिवशी लागतं: दोन्ही बाजूंचे मूळ आधार आणि पॅन, मुद्रांक व नोंदणी फीचं चलन, सही केलेलं खत, आणि दोन साक्षीदार, त्यांच्या मूळ आधार कार्डासह. कार्यालयाबाहेर पैसे घेऊन साक्ष देणारे मिळतात. पण उद्या काही वाद झाला तर ज्याचा फोन तुम्हाला लागेल असाच साक्षीदार असावा. मित्र न्या, आणि त्यांना अर्धा नव्हे, पूर्ण दिवस सुट्टी टाकायला सांगा.

आमची वेळ ११ची होती. सर्व्हर गेला, आला, परत गेला. अडीचला नंबर लागला तर भोसरीच्या मित्राचा अंगठा मशीन घेईना. लेथवर बोटांच्या रेषा घासून गेलेल्या. ओल्या रुमालाने पुसला, शर्टावर घासला, दुसरं बोट लावलं. सहाव्या खेपेला मशीन पावलं. हाताने काम करणारा साक्षीदार असेल तर तिसरा माणूस राखीव ठेवा. आईला साक्षीला आणू नका, असं मी तरी सांगेन. त्या बाकावर चार तास बसणं तिच्या कमरेला झेपणारं नाही.

६. टीडीएस: सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट

घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या पैशांतून १ टक्का कापून तो आयकर खात्यात भरायची जबाबदारी घेणाऱ्याची आहे. माझे ६० हजार. प्रत्येक हप्ता देतानाच कापायचे, आणि ज्या महिन्यात कापले तो संपल्यापासून ३० दिवसांत ऑनलाइन भरायचे. विसरलात तर व्याज आणि विलंब शुल्क तुमच्या डोक्यावर.

विकणारे नवरा-बायको दोघं असतील तर दोघांच्या पॅनवर वेगवेगळं भरावं लागतं. विकणाऱ्याचं पॅन आधारशी जोडलेलं नसल्याने बंद पडलेलं असेल तर १ ऐवजी २० टक्के कापावे लागतात, तेव्हा विसाराआधीच विचारा. आणि मालक परदेशात स्थायिक असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही. तिथे दर बराच जास्त, प्रक्रिया वेगळी. सीएला गाठल्याशिवाय एक रुपया देऊ नका. पुण्यात अशी घरं खूप आहेत, मुलगा बे एरियात आणि फ्लॅट कोथरूडला.

७. बँक

ऑफिसातल्या मित्राचा सल्ला जसाच्या तसा देते: व्याजदर तीन बँकांत विचार, पण कर्ज तिथे घे जिथला माणूस फोन उचलतो. व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड लावता येत नाही, तेव्हा बोनस आला की मुद्दलात टाकता येतो.

कर्जासोबत विमा गळ्यात मारतील. विमा वाईट नाही, मीही घेतला, पण बाहेरून. तो प्रीमियम कर्जाच्या रकमेत मिसळू देऊ नका. २० वर्षं त्यावर व्याज भरत बसाल. मूळ कागद बँकेत जमा करताना यादीवर बँकेचा शिक्का घ्या. आणि गहाणाची सूचना, ज्याला सगळे 'नोटीस ऑफ इंटिमेशन' म्हणतात, ती ३० दिवसांत दाखल करायची असते.

८. किल्ली हातात आल्यावर, सामान येण्याआधी

ताबा पावती घ्या. वीजमीटरच्या रीडिंगचा फोटो काढा. त्याच दिवशी कुलूप बदला, कारण जुन्या किल्ल्या कामवाल्या मावशी, पुतण्या आणि खालच्या काकू अशा तिघांकडे असतात.

घर रिकामं आहे तोवर वॉटरप्रूफिंग, वायरिंग, पेस्ट कंट्रोल, रंग या क्रमाने उरका. मी रंग आधी दिला आणि वायरमनने नंतर भिंत फोडली.

९. शिफ्टिंग: मित्रांना काय द्यायचं, हमालांना काय

सामान कमी आणि अंतर थोडं असेल तर छोटा हत्ती पुरतो. माझ्या दोन खेपा झाल्या. सोसायटीला आदल्या दिवशी सांगून टेम्पोला जागा धरून ठेवा. दुपारी १ ते ४ मध्ये आवाज केलात तर पहिल्याच दिवशी नाव खराब होतं. पुण्यात आहात, विसरू नका.

फ्रिज, वॉशिंग मशीन, लोखंडी कपाट हमालांना द्या. मित्राची कंबर धरली तर तो काही म्हणत नाही, पण त्याची बायको म्हणते. जिन्याच्या वळणावरची रुंदी आधी मोजा. आमचं कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं, दारं काढून मग वर गेलं. फ्रंटलोड मशीन हलवण्याआधी ड्रमला ट्रान्झिट बोल्ट लावा. ते विकत घेतल्या दिवशी फेकून न देता जपून ठेवलेले असतात, असं आपण गृहीत धरू. फ्रिज उभाच न्या आणि पोहोचल्यावर काही तास तरी सुरू करू नका.

बाकीच्या खोक्यांसाठी रूममेटने काढलेली युक्ती फार कामाची आहे. कुणीच तिन्ही मजले चढायचे नाहीत. प्रत्येक वळणावर एक माणूस उभा करायचा आणि खोकं हातातून हातात वर जाऊ द्यायचं, गावाकडे आग लागल्यावर बादल्या जातात तसं. प्रत्येकाला सात-आठच पायऱ्या. आम्ही सहा जण होतो, दीड तासात ४३ खोकी वर गेली. वरच्या माणसाला दम लागत नाही, म्हणून तो बोलत राहतो. तिथे गप्प माणूस उभा करा.

पुस्तकं छोट्या खोक्यांत, कपडे चादरीच्या बोचक्यांत. खोक्यावर आत काय आहे ते लिहू नका, कुठल्या खोलीत जायचं ते लिहा. उचलणाऱ्याला तेवढंच हवं असतं. दागिने आणि घराची फाइल टेम्पोत नाही, तुमच्या पाठीवरच्या पिशवीत.

एक पिशवी सगळ्यात शेवटी भरा आणि सगळ्यात आधी उघडा: चहापत्ती, साखर, पातेलं, गाळणं, लायटर, कप, बादली, मग, टॉवेल, दोन बल्ब, स्क्रू ड्रायव्हर, एक्स्टेंशन बोर्ड, चार्जर, उदबत्ती. आमच्या पिशवीत गाळणं नव्हतं. पहिला चहा भोसरीकराच्या धुतलेल्या रुमालातून गाळला. त्याला अजून वाटतं की त्या चहाला रुमालाचीच चव होती.

मित्रांना ११ वाजता पोटभर खायला घाला, काम संपल्यावर नाही. मिसळ नको, ती खाल्ल्यावर कुणी जिना चढत नाही. पोहे आणि केळी.

१०. राहायला गेल्यानंतरचे तीन महिने

दमलेले असता, म्हणून ही कामं रेंगाळतात. क्रम असा ठेवा:

- सोसायटीत सभासदत्वाचा अर्ज, शेअर सर्टिफिकेटवर नाव, आणि नॉमिनेशन
- महापालिकेत मिळकतकराला नाव लावणं. स्वतः राहत असाल तर पुणे महापालिका करात ४० टक्के सवलत देते, त्यासाठी पीटी-३ अर्ज पुराव्यांसह द्यावा लागतो. माझ्या घराला जुन्या मालकाने भाडेकरू ठेवले होते, त्यामुळे सवलत आपोआप लागलेली नव्हती
- महावितरणकडे नाव बदलणं, पाइप गॅस किंवा सिलिंडरचं कनेक्शन
- आधार, बँक, मतदार यादीतला पत्ता
- मित्रांचे पैसे

शेवटच्या ओळीला तारीख मीच लिहिली होती, १० जून. ७ जूनला पाठवले.

दुधाचं राहिलं. आई बार्शीहून आली ती कलश, समई आणि तांदळाची पुरचुंडी घेऊनच. सामान चढायच्या आधी, रिकाम्या स्वयंपाकघरात, पूर्वेला तोंड करून दूध उतू घालायचं असा तिचा हुकूम होता. आणि गॅस जोडलेलाच नव्हता. शेगडी टेम्पोत, टेम्पो सिंहगड रस्त्याला अडकलेला. समोरच्या काकूंचं दार वाजवलं. त्यांनी त्यांची इलेक्ट्रिक शेगडी आणून दिली, आणि ती कशी लावायची हे दाखवण्यासाठी त्या आत आल्या, मागून त्यांचा नातू आला, मग काकाही आले. वायर पुरेना म्हणून शेगडी दारापाशी मांडली. दूध उतू गेलं ते उंबरठ्याबाहेर, पॅसेजमध्ये. आई क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, 'जाऊ दे, शेजारीही येऊ देत वाट्याला,' आणि फडकं शोधू लागली, जे टेम्पोत होतं.